परसातल्या कोंबड्या : एक कुपी, आख्खं फळिया

बडोद्याच्या आसपासच्या खेड्यांत काय नि इकडे नवापूरच्या पाड्यांवर काय, परसात चार-पाच कोंबड्या असतातच. भरुच पट्ट्यातली ‘अंकलेश्वर’ ही नोंद झालेली देशी जात. वर्षाला अंडी 80च्या आसपास, म्हणजे कमीच. पण खुडूक बसून पिल्लं स्वतः काढते, उकिरड्यावर पोट भरते.

घात करते ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिरवी पातळ विष्ठा, मान वाकडी, आणि चार दिवसांत डालगं रिकामं. औषध नाही, लसच आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटाचा थेंब डोळ्यात, आठ आठवड्यांनी आर-टू-बीची सुई. आजारी पक्ष्याला मात्र टोचू नये. गोची अशी की कुपी बहुधा शंभर पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती कोण आणणार? म्हणून आख्ख्या फळियानं वर्गणी काढून, बर्फावर आणून, एकाच सकाळी टोचून घ्यावी.

एकदम बरेच पक्षी मेले तर लपवू नये. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006मध्ये नवापुरातच सापडला होता. हात न लावता जनावरांच्या दवाखान्यात कळवावं.