सावली सगळ्यांच्या वाट्याला यावी म्हणून: शहरी वस्तीत झाडं लावण्याआधी माहीत असावं असं सगळं

तालुक्याच्या गावात जुन्या कचेरीसमोर, विश्रामगृहाजवळ वडा-कडुनिंबाची गार सावली असते. तिथून पुढे पत्र्याच्या घरांची वस्ती लागली की झाड शोधावं लागतं. ज्यांच्या घरात कूलर नाही, ज्यांचं काम उन्हातलं आहे, त्यांच्याच दारात सावली नाही. हे कशामुळे होतं आणि वस्तीने मिळून काय करता येतं, त्याची ही माहिती.

फरक का पडतो?

राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट पाडताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. मंजूर कॉलनीत बाग होते ती या ‘ओपन स्पेस’वर. गुंठेवारीत पडलेल्या प्लॉटांत किंवा अतिक्रमणाच्या वस्तीत अशी जागा सुटलेलीच नसते. गल्ली अरुंद, त्यात सिमेंटचा रस्ता. मग झाड लावणार कुठे?

३-३०-३०० म्हणजे काय?

शहरी वनांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये हा सोपा हिशोब मांडला. प्रत्येक घरातून किमान ३ झाडं दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांचं छत्र असावं आणि ३०० मीटरच्या आत बाग किंवा हिरवी जागा असावी. हा कायदा नाही, पण आपली वस्ती कुठे कमी पडते ते पाहायला उपयोगी आहे.

कायदा काय सांगतो?

शहरी भागासाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरण असतं आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हटलं. तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची, असाही नियम आला. ही बदली झाडं कोणत्या वॉर्डात लागणार, हे नागरिकांनी जरूर विचारावं. खेड्यातल्या वृक्षतोडीसाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे.

जवळचं उदाहरण

पुण्यातल्या वारजे इथे वनखात्याच्या उजाड टेकडीवर लोकसहभागातून शहरी वन उभं राहिलं. ५ जून २०२० ला केंद्राने २०० शहरांसाठी नगर वन योजना जाहीर केली, तेव्हा वारज्याचाच दाखला दिला होता.

कुठे काय लावावं?

- बाजारतळ, शाळा, स्मशानभूमी, पाण्याची टाकी: वड, पिंपळ, चिंच, जांभूळ. पण टाकीच्या आणि भिंतीच्या अगदी जवळ वड-पिंपळ नको.
- रस्त्याकडेला: कडुनिंब, करंज.
- अरुंद गल्ली, विजेच्या तारांखाली: बहावा, कांचन, आपटा. यांचा पसारा आवरता असतो.
- गुलमोहर मूळचा मादागास्करचा; फांद्या ठिसूळ, वादळात मोडतात. घरांवर झुकेल असा लावू नये.

मियावाकी पद्धतीत झाडं दाट लावतात. हिरवळ लवकर दिसते, पण आत बसायला जागा राहत नाही. जिथे एकच मोकळी जागा आहे, तिथे अंतर सोडून लावलेली सावलीची झाडं बरी.

जगवायचं कसं?

उन्हाळ्यात साधारण दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तापू द्यावा. भरताना माती आणि कुजलेलं शेणखत घालावं. एक-दोन चांगले पाऊस झाले की रोप लावावं. रोप डोक्याएवढं असलं तर शेळ्या-गुरांपासून लवकर वाचतं. तरीही काटेरी कुंपण हवंच. आळ्यात पालापाचोळा टाकला तर ओल टिकते. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावंच लागतं. म्हणून जितक्या झाडांना पाणी घालणारी घरं आहेत, तितकीच झाडं लावावीत. रस्ता सिमेंटचा करताना बुंध्याभोवती मोकळी माती सोडायला लावावी. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं.

अर्ज कुठे करायचा?

१. वस्तीतल्या रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे द्या. जागा, झाडांची संख्या आणि पाण्याची मागणी स्पष्ट लिहा. पोच घ्या.
२. वृक्षगणनेचा अहवाल आणि वॉर्डनिहाय लागवडीची यादी माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.
३. जागा सरकारी किंवा गायरान असेल तर लेखी परवानगी घेऊनच खड्डे घ्या. नाहीतर वाढलेलं झाड उद्या बांधकामात जातं.
४. ग्रामपंचायत असेल तर विषय ग्रामसभेत मांडा आणि ठरावात झाडं जगवण्याची जबाबदारी कुणाची, तेही लिहून घ्या.

अर्ज मार्च-एप्रिलमध्येच दिला तर परवानगी, खड्डे आणि रोपं मिळेपर्यंत पाऊस गाठता येतो. जूनमध्ये धावपळ केली तर फोटो निघतात, झाडं मात्र जळून जातात.