वऱ्हाडचा सालदार

चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजा, संत, सेनापती किंवा देशभक्त उभा राहतो. ज्याने पन्नास वर्षे दुसऱ्याचे शेत वखरले, मुलाबाळांना वाढवले आणि जो एके दिवशी मुकाट्याने निघून गेला, त्यालाही चरित्र असते ही कल्पना आपल्याला शिवत नाही. सर्व जगाची रीत अशीच आहे काय, हे प्रथम पाहू.

ख्रिस्ती धर्मात मेनोनाइट नावाचा एक लहानसा पंथ आहे. सोळाव्या शतकातील मेनो सायमन्स या डच धर्मोपदेशकावरून त्याला हे नाव पडले. शस्त्र धरू नये, शपथ वाहू नये, शेती करून साधेपणाने राहावे, ही या लोकांची परंपरा. छळाला कंटाळून त्यांतले पुष्कळजण अमेरिकेत गेले. तेथे १८६४ साली त्यांचे ‘हेरल्ड ऑफ ट्रूथ’ हे पत्र निघाले आणि १९०८ साली ‘गॉस्पेल हेरल्ड’. या पत्रांतून साध्या शेतकऱ्याची, शेतावर राबणाऱ्या गड्याची, त्याच्या बायकोचीही मृत्युवार्ता छापून येई. जन्म कोठला, लग्न कधी झाले, मुले किती, नातवंडे किती, आणि माणूस किती वर्षे, किती महिने व किती दिवस जगला, सारे त्यात असे. मोठेपणाची अट नव्हती. मंडळीचा सभासद असणे पुरे होते.

हा पंथ आपल्याला अगदीच परका नाही. दुष्काळाच्या दिवसांत, १८९९ साली, त्यांचे अमेरिकन मिशनरी धमतरीला आले. त्यांनी पोरक्या मुलांना आसरा दिला आणि १९०६ साली बालोदगहन हे गाव विकत घेऊन तेथे शेती चालवली. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला होता. म्हणजे धमतरीचा मेनोनाइट शेतमजूर आणि दर्यापूरचा सालदार हे दोघे एकाच प्रांताचे रहिवासी होते. पहिल्याचे नाव मंडळीच्या नोंदवहीत चढे. दुसऱ्याचे कोठे चढे?

मालकाच्या खातेवहीत! सालदाराचे साल कोठे गुढीपाडव्याला, कोठे अक्षय तृतीयेला ठरे. वर्षाची ज्वारी, थोडी रोख रक्कम, धोतर, पायांत जोडा, असा करार तोंडीच होई. त्या बदल्यात पहाटे गोठा, मग वखर, पेरणीला तिफण, पिकात डवरा, रात्री जागल, आणि कापूस निघाला की बंडी घेऊन बाजार. आजारी पडला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जात. मुलीच्या लग्नाला उचल घेतली की ती फिटेपर्यंत पुढचे सालही त्याच दावणीला. वर्षाकाठी मानाचा दिवस एकच, पोळ्याचा. सजवलेले बैल घरोघर नेऊन तो बोजारा मागे. बैलाच्या सणात आपलाही सण उरकून घेणारा हा माणूस! बायको निंदणाला आणि वेचणीला जाई. तिची मजुरी वेगळी, पण वहीत तिचे नाव सहसा नसेच.

अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा फाटा सुरू झाला. पेढ्या उभ्या राहिल्या, जिनिंग उभे राहिले, अमरावती-अकोल्याला माड्या चढल्या. हा सारा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण त्या माडीखालची पऱ्हाटी कोणी डवरली, हे विचारत नाही.

येथे कोणी गाडगेबाबांचे नाव घेईल. ते बरोबरच आहे. शेंडगावी १८७६ साली जन्मलेला डेबूजी दापुऱ्यास मामाच्या घरी वाढला, गुरे राखली, नांगर धरला, लग्न केले, संसार मांडला. पण १९०५ साली त्याने घर सोडले, म्हणूनच त्याचे चरित्र लिहिले गेले. १९५६ साली बाबा गेले तेव्हा अवघा महाराष्ट्र हळहळला. जो डेबूजी घर न सोडता मरेपर्यंत नांगरावरच राहिला, असे हजारो डेबूजी त्या वेळी वऱ्हाडात होते. त्यांच्यासाठी कोण हळहळले?

चरित्र नसण्याचे दुःख केवळ मनाचे असते तर आम्ही येथे इतके बोललो नसतो. नोंद नसण्याची किंमत जमिनीच्या रूपाने द्यावी लागते. विदर्भाचा कूळकायदा १९५८ साली झाला आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक होण्याची वाट खुली झाली. पण कायद्याच्या लेखी कसणारा म्हणजे कूळ. पगारावर राबणारा चाकर त्यात बसत नव्हता. ज्याने तीस वर्षे त्याच शेतात घाम गाळला, त्याचा सातबाऱ्यावर मागमूस नव्हता. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, वेठबिगारी मोडणारा १९७६ चा, रोजगार हमीचा १९७७ चा. कायदे चांगलेच आहेत. परंतु खेड्यांतून संघटनेचे काम करताना आम्हाला पुनःपुन्हा एकच अडचण आली. हक्क मागायला उभे राहिलेल्या म्हाताऱ्याला पहिला प्रश्न येई, “तू येथे कामाला होतास याचा पुरावा काय?” त्याच्या हातांवरचे घट्टे कोणत्याच कचेरीत पुरावा म्हणून दाखल होत नाहीत.

आज ट्रॅक्टर आणि रोजंदारी यांमुळे सालदारी आटत चालली आहे. ती टिकावी असे कोणी म्हणणार नाही. पण ती मोडताना माणसेही पुसली जाऊ नयेत. या सभेतील अनेकांची मुळे खेड्यात आहेत आणि पुष्कळांच्या घरी जुन्या खातेवह्या माळ्यावर पडून आहेत. त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडा. त्यांतली सालदारांची नावे उतरवून काढा. जो हयात असेल त्याला गाठून बायकोचे नाव, मुले, कोणते शेत, किती साले, हे विचारून लिहून ठेवा आणि ती वही गावच्या वाचनालयात द्या. एका लहानशा पंथाने आपल्या शेतमजुरासाठी जे केले, तेवढे करण्याइतके आपण नक्कीच मोठे आहोत.