आमचा हॉल, आपला हॉल

भाच्याकडे लंडनला गेलो होतो. त्याची धाकटी लेक म्हणाली, 'चला, आमचा हॉल दाखवते.' हा हॉल म्हणजे थेम्सच्या दक्षिणेला असलेल्या बॅटरसी या उपनगराचा जुना टाउन हॉल. १८९३ सालचा. वास्तुकार एडवर्ड माउंटफोर्ड. ओल्ड बेली हे प्रसिद्ध न्यायालयही पुढे त्यांनीच बांधलं. आत शिरलं की पायाखाली मोझेइकची फरशी आणि तिच्यावर मधमाश्या. बॅटरसी तेव्हा कारखान्यांत आणि रेल्वेत खपणाऱ्यांची वस्ती होती, तिला मधमाशी शोभतेच.

बॅटरसी नगरपालिकेचं बोधवाक्य लॅटिनमध्ये होतं. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी नाही, तर... इथे मराठी माणूस अडतो. 'आमच्यासाठी' म्हणायचं की 'आपल्यासाठी'? लॅटिनमध्ये हा फरक नाही, इंग्रजीतही नाही. मराठीत 'आमचा' म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो.

१९१३ च्या नोव्हेंबरात इथल्या नगरसेवकांनी जॉन आर्चर यांना महापौर निवडलं, ४० विरुद्ध ३९ मतांनी. धंदा फोटोग्राफीचा. वडील बार्बेडोसचे कृष्णवर्णीय, आई आयरिश. लंडनमध्ये असा महापौर पहिलाच. वर्तमानपत्रांना प्रश्न पडला, हा गृहस्थ मूळचा कुठला? कुणी त्यांना रंगूनचं ठरवून टाकलं. आर्चर यांना भाषणात सांगावं लागलं, की माझा जन्म लिव्हरपूलचा आणि आई ब्रह्मी नव्हे, आयरिश होती.

हे वाचून मला हसू आलं. कविता म्हणून व्यासपीठावरून उतरलो की कुणीतरी हमखास पाठ थोपटतं, 'तुमचं मराठी छान आहे हो!' तीस वर्षं ऐकतोय. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण माझ्या आईचंही मराठी छान होतं; त्यात माझं काय कौतुक?

हेच आर्चर पुढे एका मुंबईकराच्या निवडणुकीसाठी राबले. शापुरजी सकलातवाला, जन्म १८७४, जमशेटजी टाटांचे सख्खे भाचे आणि विचारांनी कम्युनिस्ट. १९२२ साली ते बॅटरसी नॉर्थमधून खासदार झाले, १९२३ साली हरले, १९२४ साली पुन्हा जिंकले. टाटांच्या गोतावळ्यातला माणूस आणि त्याला मतं लंडनच्या कामगारांची! आपल्याकडे या माणसाची आठवण फारशी कुणी काढत नाही.

१९६५ साली बॅटरसी वॉन्ड्सवर्थमध्ये विलीन झालं आणि टाउन हॉलचं काम संपलं. तो पाडायचं घाटत होतं. लोक आडवे आले. १९७० च्या दशकात तिथे कलाकेंद्र उभं राहिलं. १३ मार्च २०१५ रोजी आग लागून मोठं सभागृह जळालं.

२०१८ साली ते पुन्हा उघडलं. छत नवं आहे, पण भिंती गुळगुळीत केलेल्या नाहीत. भाजलेला गिलावा, रंगाचे पोपडे तसेच राखलेत. आम्ही गेलो त्या दिवशी त्या भिंतींपाशी मुलांच्या नाटकाची तालीम चालू होती. आमची पोर पायातले बूट काढून त्यांच्यात जाऊन बसली.