मलेरिया, एक गोळी आणि झाडीपट्टीचं रक्त

 

लाखांदूरकडच्या एका श्रोत्याचा मेसेज आला होता: "दादा, हे सिकलसेल आपल्याच भागात का? लोक म्हणतात मागच्या पिढ्यांचं पाप आहे." मी पडलो सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न इतिहासाचा आहे, म्हणून आजचा एपिसोड त्यावरच.

१९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्याचं छापलं. विळा म्हणजे इंग्रजीत सिकल, त्यावरून पुढे नाव पडलं. त्यानंतर कितीतरी वर्षं पुस्तकांत हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार होता. भारतात तो नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आला. भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवरच्या नागपूरच्या रक्तावरचं हे काम. म्हणजे आजार पिढ्यान् पिढ्या आपल्या घरात होता, नाव मिळायला १९५८ उजाडलं. तोवर दुखणाऱ्या हातपायांना कुणी वात म्हणत असेल, कुणी बाहेरची बाधा.

आता 'आपल्याच भागात का'. १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दल एक अंदाज मांडला, की रक्ताचा असा दोष मलेरियाच्या प्रदेशात टिकतो, कारण तो अर्धा असला तर माणसाला वाचवतो. (हेच हाल्डेन पुढे भारतात राहायला आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) सिकलसेलबाबत तीच गोष्ट १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिली. आई किंवा बाप, एकाकडूनच बदललेला जीन आला तर माणूस वाहक असतो. तो सहसा ठणठणीत असतो, आणि जीवघेण्या मलेरियातून लहानपणी वाचण्याची त्याची शक्यता जास्त. दोघांकडून आला तर मात्र आजार. आता आपल्याकडे बघा: धानाच्या बांध्या, तलाव, जंगल. रात्रभर नाटक बघत बसणारे आपण, डास किती चावले कोण मोजतं? मलेरिया इथे मुक्कामाला होता, म्हणून हा जीनही टिकला. यात पाप कुठून आलं? डीएनएमधलं एक अक्षर बदललेलं आहे, बस. आमच्या भाषेत सांगायचं तर एका प्रतीत फीचर, दोन प्रतींत बग. आणि तो जात विचारून येत नाही. विदर्भात तो अनुसूचित जातींत आहे, आदिवासींत आहे, ओबीसी समाजांतही आहे.

गंमत म्हणा की क्रूरपणा, पण दोन्ही प्रती असलेल्याला तोच मलेरिया जास्त घातक ठरतो. त्याची प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि न्यूमोकोकससारखे जंतू रक्तात मोकाट सुटतात. १९८६ मध्ये अमेरिकेत एक चाचणी झाली. लहान मुलांना दिवसातून दोनदा पेनिसिलिन दिलं, तर हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. इतका फरक दिसला, की चाचणी मुदतीआधी थांबवून सगळ्यांनाच औषध सुरू केलं.

दुसरा जंतू पार्व्होव्हायरस बी-१९. नाव भारी वाटतं, पण १९७५ मध्ये लंडनला रक्ताचे नमुने तपासताना तो ज्या नमुन्यात सापडला, त्यावरचं ते लेबल आहे! निरोगी मुलाला त्याने थोडा ताप नि पुरळ येतं. हा विषाणू आठवडाभर लाल पेशींचं उत्पादन बंद पाडतो. आपल्या पेशी १२० दिवस जगतात, म्हणून आपल्याला कळतही नाही. सिकलच्या पेशी जगतात दहा-वीस दिवस. तिथे आठवडाभर कारखाना बंद म्हणजे हिमोग्लोबिन धाडकन खाली, आणि रक्त चढवायची धावपळ.

आता गोळी. मलेरियाचा एक प्रकार, व्हायवॅक्स, यकृतात लपून बसतो आणि पुन्हा उलटतो. त्याला तिथून काढणारं औषध म्हणजे प्रायमाक्वीन, आपल्याकडे १४ दिवस देतात ते. त्याच्या चाचण्या अमेरिकेत स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर झाल्या. कैद्याची संमती ही कितपत संमती? न्यूरेंबर्ग खटल्यात नाझी डॉक्टरांच्या बचावातही या तुरुंगाचं उदाहरण पुढे केलं गेलं. तिथे काही कैद्यांचं, मुख्यतः कृष्णवर्णीयांचं, रक्त या गोळीने फुटायला लागलं. संशोधकांनी त्यांच्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या दुसऱ्यांच्या शरीरात सोडल्या. गोळी दिल्यावर तिथेही त्याच फुटल्या. म्हणजे फरक पेशीतच होता. १९५६ मध्ये कारण सापडलं: जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता. हाही आनुवंशिक, हाही मलेरियाच्या प्रदेशात टिकलेला. एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः पुरुषांना. भारतात १९६३ मध्ये मुंबईच्या पारशी समाजात त्याची नोंद झाली, आणि तो विदर्भातही आहे.

म्हणून प्रायमाक्वीन चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले किंवा धाप लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. पण नुसत्या भीतीने कोर्स अर्धवट सोडू नका, ताप परत येतो.

सिकलसेलसाठी आता हायड्रॉक्सीयुरिया आहे. मूळचं कॅन्सरचं औषध, १८६९ मध्ये बनवलेलं रसायन. बाळाच्या रक्तात असतं ते गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवून ते दुखण्याचे झटके कमी करतं. फक्त पांढऱ्या पेशीही घटू शकतात, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही.

जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ चं लक्ष्य ठेवून. गावागावांत होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. नळीतलं द्रावण गढूळ झालं आणि मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की पॉझिटिव्ह. पण ही टेस्ट वाहक कोण आणि आजारी कोण, हे सांगत नाही. ते कळतं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने. लाखांदूरच्या भावा, तुझ्या मेसेजमध्ये बहिणीच्या रिपोर्टचा फोटो होता. त्यावर नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलंय. तिची ही दुसरी टेस्ट आधी करून घे, सोयरीक मोडायची की नाही ते नंतर बोलू. नवरदेवाचीही कर. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका असतो.