गस्ती नौका ताराबाई

हडपसरहून समुद्र बघायचा तर घाट उतरून जावं लागतं. त्यामुळे तटरक्षक दल म्हटलं की आपला काय संबंध, असं वाटतं. पण या दलाच्या एका नौकेचं नाव आपल्या चांगल्या ओळखीचं होतं, ताराबाई. तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची लेक. १७०० साली राजाराम महाराज गेले, आणि पुढची सात वर्षं जी औरंगजेबाशी झुंजली, तीच ही.

तटरक्षक दल तसं अलीकडचं. पूर्वी सोनं, घड्याळं, परदेशी कापड रातोरात किनाऱ्यावर उतरायचं. ते रोखायला १९७७ साली नौदलाच्या दोन जुन्या युद्धनौका आणि पाच गस्ती बोटी घेऊन काम सुरू झालं. कायदा झाला १९७८ साली. ताराबाई १९८७ साली दलात आली. सिंगापूरला बांधलेली, साधारण ४५ मीटर लांब. तिच्या जोडीच्या नौका अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, अक्कादेवी, नायकीदेवी, गंगादेवी. नावं सगळी बायकांची, त्यावरचे खलाशी मात्र तेव्हा सगळे पुरुष!

तिचं खरं नाव झालं १९९९ साली. ऑक्टोबरमध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियाहून जपानला निघालं होतं. पोटात ७,००० टन ॲल्युमिनियम. आपली पातेली, डबे ज्याचे होतात तेच. वाटेत चाच्यांनी जहाज बळकावलं आणि १७ खलाशांना एका तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून दिलं. दहा-अकरा दिवस ते तसेच वाहत होते. शेवटी थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचवलं. सगळे जिवंत होते.

इकडे चाच्यांनी जहाजाला नवा रंग दिला, नाव बदलून ‘मेगा रामा’ केलं, बराच माल परस्पर विकला आणि अरबी समुद्रात आले. जगभर सूचना गेली होती. तटरक्षक दलाच्या डॉर्निअर विमानाने जहाज हेरलं आणि ताराबाई मागे लागली. दुपटीहून लांब जहाजाच्या मागे ही एवढीशी नौका! थांबायला सांगितलं, इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, तरी ते पळतच राहिलं. मग नौदलाची ‘प्रहार’ मदतीला आली. १६ नोव्हेंबरला जहाज थांबलं. चाच्यांनी पुरावा बुडवायला आग लावली, आत पाणी सोडलं, पण जहाज वाचलं. १५ जणांना पकडून मुंबईला आणलं.

पुढचं ऐकून मात्र चीड येते. २००३ साली मुंबईच्या न्यायालयाने सात वर्षांची सक्तमजुरी दिली आणि २००५ साली उच्च न्यायालयातून ते सुटले. चोरी भर समुद्रात, जहाज परक्याचं, चोर परदेशी. अशा चाचेगिरीसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नव्हता. तो संसदेत मंजूर झाला डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे ताराबाईने चोर धरून दिल्यावर तेवीस वर्षांनी.