वॉलब्रुकचा टेलिफोन

समुपदेशक हा शब्द आपल्याकडे अलीकडे रुळला. त्यापूर्वी अडलेल्या माणसाने सल्ल्याला जावयाचे ते वकिलाकडे, वैद्याकडे, नाही तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडे. शहाण्याने बोलावे आणि दुःखिताने मान डोलवावी, अशी ती रीत. लंडनमधील एका धर्मोपदेशकाने हीच रीत उलटी केली. त्याची हकीकत श्रोत्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजले आहे.

चॅड व्हारा यांचा जन्म १९११ सालचा. १९३५ मध्ये, लिंकन येथे नवखे धर्मोपदेशक म्हणून काम करीत असता, त्यांच्या वाट्याला पहिलाच अंत्यविधी आला तो चौदा वर्षांच्या एका मुलीचा. तिला प्रथमच ऋतू प्राप्त झाला होता. हा काही तरी लाजिरवाणा रोग आहे अशी समजूत करून घेऊन तिने जीव दिला. चार समजुतीचे शब्द कोणी बोलले असते तर जी मुलगी वाचली असती, तिच्यासाठी थडग्यापाशी प्रार्थना म्हणण्याची पाळी या तरुणावर आली. त्या दिवसापासून व्हारा यांनी तरुणतरुणींना शरीरधर्माची माहिती देण्यास आरंभ केला. धर्मोपदेशकाने हे विषय बोलावेत हे त्या काळी किती जणांना रुचले असेल, याची कल्पना रघुनाथ धोंडो कर्वे यांचे चरित्र ठाऊक असलेल्या मराठी माणसाला सहज येईल. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ साली काढले, खटले सोसले आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले. व्हारा यांचे खरे कार्य त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत सुरू झाले, हा निव्वळ योगायोग. पण आम्हांस तो लक्षात ठेवावासा वाटतो.

शरीरधर्माविषयी विचारायला येणाऱ्या माणसांत जगण्याला कंटाळलेलीही पुष्कळ असत. लंडन शहरात त्या वेळी दररोज सरासरी तीन आत्महत्या होत. आग लागली तर कोणाला बोलवावे हे लहान पोरही सांगे. जीव नकोसा झाला तर कोणाला बोलवावे, याला उत्तर नव्हते. शिवाय इंग्लंडात आत्महत्येचा प्रयत्न हा १९६१ पर्यंत गुन्हा होता, तेव्हा मदत मागणे म्हणजे कबुलीजबाब देण्यासारखेच! (आपल्याकडे दंडविधानातील ३०९ वे कलम जाण्यास २०२४ चा जुलै उजाडला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार तेवढी आधी बोथट केली होती.)

१९५३ मध्ये व्हारा लंडनच्या व्यापारी पेठेतील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चचे प्रमुख झाले. इमारत रेन या थोर स्थापत्यकाराची, पण युद्धातल्या बाँबवर्षावाने तिची हानी झालेली. आसपास वस्ती अशी नाहीच, त्यामुळे पारंपरिक कामाचा व्याप थोडा. लक्षात राहील असा टेलिफोन नंबर हवा म्हणून त्यांनी 'मॅन्शन हाउस ९०००' हा मागण्याचे ठरविले. पाहतात तो तेथल्या धूळ खात पडलेल्या यंत्रावर तोच नंबर! ही गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत. २ नोव्हेंबर १९५३ रोजी ते आणि त्यांच्या चिटणीसबाई कामाला बसल्या. डिसेंबरात एका वृत्तपत्राने त्यांना बायबलातील कथेवरून 'समॅरिटन' म्हटले आणि तेच नाव चिकटले.

बातम्या छापून आल्या तशी दुःखितांची रीघ लागली, आणि मदत करू इच्छिणाऱ्या सामान्य नागरिकांचीही. या नागरिकांना काम काय द्यावे? व्हारा यांनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसविले. पाळीची वाट पाहणाऱ्यांशी दोन शब्द बोलावेत, चहा द्यावा, एवढेच त्यांचे काम. काही आठवड्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. चहाचा पेला हातात घेऊन मन मोकळे केलेली कित्येक माणसे आतल्या खोलीत न येताच समाधानाने घरी जात. जाणत्या समुपदेशकाची त्यांना गरजच उरलेली नसे.

दुसरा कोणी असता तर अशा वेळी त्याचा अहंकार दुखावला असता. व्हारा यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये टेलिफोनच स्वयंसेवकांच्या हाती सोपविला. आपण स्वतः त्यांची निवड करावयाची, त्यांच्यावर देखरेख ठेवावयाची आणि बिकट प्रकरणे तेवढी हाताळावयाची, अशी वाटणी केली. आमच्या मते त्यांच्या नेतृत्वाचा कस येथे लागला. निवड मात्र कडक. उपदेशाची हौस असलेला मनुष्य भला असला तरी नको. धर्मप्रचार तर मुळीच नको. पाद्र्याने काढलेल्या संस्थेत हा दंडक असावा, हे विशेष. ऐकावे, गुप्तता पाळावी, आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे ठेवावा. ऐकणे हे सोपे काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी घरातल्याच कोणाचे गाऱ्हाणे मध्ये न बोलता पाव तास ऐकून पाहावे.

पुढे शाखा वाढल्या. १९७४ मध्ये इतर देशांतील संस्थांना जोडणारे मंडळ निघाले. आपल्याकडे मुंबईतही याच नावाने काम चालू झाले. परंतु यशाचे माप काय? इंग्लंड व वेल्समध्ये १९६३ साली ५,७१४ आत्महत्या नोंदल्या होत्या, त्या १९७५ साली ३,६९३ वर आल्या. समॅरिटनांच्या चाहत्यांनी याचे श्रेय टेलिफोनला दिले. पुढे संशोधकांनी दाखवून दिले की, घरोघरचा इंधनाचा गॅस बदलून कमी विषारी झाला, हे त्याचे मोठे कारण होते. तेव्हा हा आकडा व्हारा यांच्या पदरात टाकता येत नाही. रात्री दोन वाजता एखाद्याचा आवाज कोणी तरी ऐकला, याची नोंद मृत्यूच्या तक्त्यात कोठे करावयाची, हेही मात्र त्या संशोधकांना सांगता आलेले नाही.

स्वतः व्हारा अखेरीस संस्थेवर रुष्ट झाले. जीव द्यायला निघालेल्यांसाठी हे काम आपण काढले. आता ते सर्वसाधारण मानसिक आधाराकडे वळले आहे, असे त्यांनी २००४ मध्ये उघड बोलून दाखविले. संस्थेचे म्हणणे असे की, माणूस कड्यापाशी पोचण्याआधीच त्याच्याशी बोलावे. आम्हांस दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. पण टेलिफोन एकदा इतरांच्या हाती दिला, म्हणजे त्यावर काय बोलावे हेही हळूहळू तेच ठरविणार. पन्नास वर्षांपूर्वी व्हारा यांनी स्वखुशीने मान्य केलेली अट ती हीच. ८ नोव्हेंबर २००७ रोजी, शहाण्णवाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असता, ते वारले. त्यांचा तो जुना काळा टेलिफोन वॉलब्रुकच्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत जपून ठेवला.