तारापूरचे सुटे भाग आणि शेजारधर्म

तारापूरच्या अणुवीज केंद्राविषयी मराठीत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा लिहिल्या गेल्या. एक होमी भाभांच्या स्वप्नाची आणि दुसरी, 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधन अडवलं त्याची. नंतरच्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, त्यावरही लिहिलं गेलं, पण पाहिजे तेवढं नाही. सुट्या भागांची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. ती रुक्ष आहे हे कारण असेल. मला ती या तिन्हींइतकीच महत्त्वाची वाटते.

भारत-अमेरिका करार 1963 चा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन भट्ट्या उभारून दिल्या आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून वीज रीतसर मिळू लागली. त्या काळच्या या भट्ट्यांची सुरक्षा रिलेवर चाले. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने ओढून धरलेली पट्टी. आपल्या विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये ‘टक्’ करून ओढली जाते ना, तोच प्रकार लहान आकारात. वीज गेली की पट्टी सुटते. भट्टीत याचा उपयोग असा, की वीज तुटली तरी रिले सुटतात आणि भट्टी आपोआप थांबते. म्हणजे बिघाड झाला तरी तो सुरक्षेच्या बाजूने व्हावा. रिले जड आणि सुस्त असतो. तारेत क्षणाच्या हजाराव्या भागाइतकी खरखर आली तर त्याला तिचा पत्ताही लागत नाही. ही सुस्ती म्हणजे त्याचं चिलखतच होतं, पण 1969 मध्ये हे कोणी मुद्दाम मोजलं असेल असं वाटत नाही.

पुढे अमेरिकेत 1978 चा अण्वस्त्र प्रसारबंदीचा कायदा आला. इंधनाचं काम फ्रान्सने उचललं. पण इंधनासारखेच सुटे भागही अडले होते. 1983 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ दिल्लीत आले, तेव्हा तारापूरचे सुटे भाग हा चर्चेचा विषय होता. एवढ्या मोठ्या दोन देशांचे मंत्री आणि बोलणं कशावर, तर यंत्राच्या भागांवर! राजकारण नसतं तरी हा प्रश्न आलाच असता. साठच्या दशकातलं इलेक्ट्रॉनिक्स बनवणं खुद्द अमेरिकेतल्या कारखान्यांनीच पुढे बंद केलं. पन्नास वर्षं चालणाऱ्या केंद्रात भिंती टिकतात, इलेक्ट्रॉनिक्स टिकत नाही. ते बदलावंच लागतं.

बदलायचं तर नवं बसवा, त्यात काय एवढं? अडचण इथेच आहे. नवी चिप रिलेपेक्षा लाखो पटीने चपळ असते, म्हणून तिला सगळंच ऐकू येतं.

मशिदीत जुम्याच्या खुतब्याआधी मोबाइल बंद करायला सांगतात. घंटी वाजू नये हे कारण आहेच. पण टू-जी फोनच्या काळात घंटी वाजण्याच्या दोन क्षण आधीच लाऊडस्पीकरमधून ‘टर्र-टर्र, टर्र-टर्र’ यायचं, ते आठवत असेल. तो फोन सेकंदाला 217 वेळा झटके देत बोलत असे. माइकची लांब तार ते झटके अँटेनासारखे पकडायची आणि अँप्लिफायर त्यालाच आवाज समजायचा. खतीबसाहेब थांबायचे, मागच्या सफेतला कोणीतरी खिसा चाचपायचा.

हेच अणुभट्टीत झालं तर? भट्टीतले न्यूट्रॉन मोजणाऱ्या नळीतून येणारा प्रवाह अतिशय सूक्ष्म असतो. भट्टी सुरू करताना तर एकेक स्पंद मोजतात. जवळ कोणी वेल्डिंग केलं तर त्याच्या ठिणग्यांची खरखर न्यूट्रॉन म्हणून मोजली जाऊ शकते आणि चांगली भट्टी उगाच बंद पडते. हे नुकसान पैशाचं. उलटं झालं, म्हणजे यंत्र खरखरीने गोंधळून खरी खूण चुकलं, तर ते नुकसान वेगळ्याच जातीचं. डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक मंडळाने तिथल्या सगळ्या केंद्रांना वॉकी-टॉकीबद्दल सूचना पाठवली. हातातल्या त्या संचांमुळे उपकरणं भलत्या खुणा देत होती. योगायोग असा, की आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ त्याच्या महिनाभर आधी, 15 नोव्हेंबर 1983 ला स्थापन झालं होतं.

या विषयाला मराठीत ‘विद्युतचुंबकीय सुसंगतता’ म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण वर्गात मुलांना सांगताना मी ‘शेजारधर्म’ म्हणतो. उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात, एकाच सावलीत राहणारा. एका खोलीत शंभर उपकरणं आहेत. प्रत्येकाने स्वतः गोंगाट करू नये, आणि दुसऱ्याच्या थोड्याफार गोंगाटाने बिथरू नये. चाचणीतही हेच दोन भाग असतात.

भिंतींना फेसाचे सुळके लावलेल्या बंद खोलीत नवं उपकरण चालू ठेवतात. आधी त्यातून किती लहरी बाहेर पडतात ते मोजतात. मग त्याच्यावर लहरींचा मारा करतात, साधारण मीटरला 10 व्होल्ट तीव्रतेचा. पाच वॅटचा वॉकी-टॉकी मीटरभर अंतरावर धरला तर साधारण एवढंच क्षेत्र तयार होतं. ते 4 व्होल्टपर्यंत उतरायला तीन मीटर लांब जावं लागतं. म्हणून उपकरणांभोवती ‘इथे वॉकी-टॉकी नको’ अशी हद्द आखायची पद्धत आहे. शिवाय तारांमधून दोन-दोन हजार व्होल्टचे क्षणिक झटके देतात आणि माणसाच्या बोटातून उडणारी ठिणगी कृत्रिमरीत्या उडवतात. चालू केंद्रात असला खेळ करता येत नाही, म्हणून तो आधीच उरकावा लागतो.

अमेरिकेत यासाठी 1994 आणि 2000 साली मार्गदर्शिका निघाल्या, आंतरराष्ट्रीय मानक 2009 मध्ये आलं. आपल्याकडे ‘समीर’ ही सरकारी संस्था 1984 पासून आहे आणि तिच्या चेन्नई केंद्रात अशा चाचण्या होतात. अणुकेंद्रांचं इलेक्ट्रॉनिक्स बनवणारं ईसीआयएल 1967 मध्ये हैदराबादला सुरू झालं. ट्रॉम्बेत अप्सरा भट्टीच्या नियंत्रणयंत्रणेवर काम केलेले ए. एस. राव त्यामागे होते. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हैदराबाद कधी परकं वाटलं नाही, म्हणून हे नाव घेताना थोडा आपलेपणा येतो.

एक गोष्ट मला खटकते. प्रमाणपत्र मिळतं ते एका पेटीला, एका विशिष्ट अवस्थेत. नंतर कोणी अर्थिंगच्या पट्टीखाली रंग मारला किंवा पेटीचं दार उघडंच ठेवलं, तर कागद तोच राहतो आणि संरक्षण जातं. म्हणजे शेवटी सगळं रोजच्या कामगाराच्या हातावर येऊन ठेपतं. त्याचं नाव कुठल्याच इतिहासात नाही.

जवळा बाजारला बसून मी तारापूरवर का लिहितो, असं कोणी विचारेल. आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहते आहे. एप्रिल 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तिला 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. ते अणुकेंद्र नाही, तिथे गुरुत्वीय लहरी ऐकायच्या आहेत. पण काम त्याच अणुऊर्जा विभागाकडे आहे, आणि चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या त्या यंत्राला तारापूरच्या कुठल्याही उपकरणापेक्षा तीक्ष्ण कान आहेत. दूरवर पडलेल्या विजेचं चुंबकीय क्षेत्रसुद्धा तिथे मोजून बाजूला काढावं लागतं. माझ्या शाळेतल्या मुलांपैकी कोणाला तिथे नोकरी मिळाली, तर ती बहुधा तारा, अर्थिंग आणि पेट्यांच्या दारांचीच असेल. अमेरिकेतल्या दोन लायगोंच्या नोंदीत 60 हर्ट्झवर एक उंच रेघ दिसते, तिथल्या घरगुती विजेची. औंढ्याच्या नोंदीत ती 50 वर दिसेल.